डबीची शिकवणी

माझ्या सासूला माझा त्रास होतो, हे अखेर एका यंत्राने सिद्ध केलं. एरवी असल्या गोष्टी सिद्ध करायला आमच्या कराडात यंत्र लागत नाही. हळदी-कुंकवाला जमलेल्या कुठल्याही दोन बायका चहा निवायच्या आत निकाल लावतात. पण यंत्र बोललं की त्याला वजन येतं. त्याला ना नणंद ना भावजय, ते कशाला कुणाची बाजू घेईल?

बोललं म्हणजे शब्दांनी नाही. मी पेजेची वाटी घेऊन खाटेजवळ गेले की आत्या एकदा माझ्याकडे बघायच्या, हात वर करून नाकाचा शेंडा खाजवायच्या, आणि मी वाटी खाली ठेवेपर्यंत झोपलेल्या असायच्या. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. माझा नवरा रणजित बसला की त्या जाग्या. पुण्याहून आलेल्या माझ्या थोरल्या नणंदबाई, रोहिणीताई, बसल्या की जाग्या. गल्लीतलं कुणी भेटायला आलं तर नुसत्या जाग्या नाहीत, वर त्यांना चहा विचारायच्या. मी आले की नाक, आणि झोप.

नाक खाजवणं ही डोस गेल्याची खूण होती. कण्यात सोडलेल्या औषधाने अंगाला खाज सुटते, आणि का कोण जाणे, आधी नाकाला सुटते. पोटाच्या कातडीखाली बसवलेली डबी आत्यांना दुखायला लागलं की औषध सोडायची. मी आले की सोडायची. आता यातून काय ते ओळखा.

ताईंनी ओळखलंच. एके दिवशी दुपारी मी भांडी विसळत असताना त्या स्वयंपाकघरात आल्या आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या.

"हर्षदा, रागावू नकोस," त्या म्हणाल्या. "पण तुझ्याही लक्षात आलं असेल."

"काय?"

"तू आलीस की आईला दुखतं. मुद्दाम तू काही करतेस असं नाही म्हणत मी. मनावर ताण येत असेल तिच्या. इतकी वर्षं तुम्ही दोघी एका स्वयंपाकघरात. काही ना काही साठलेलं असतंच ना?"

मी फटकळ आहे. एरवी उत्तर तोंडातच तयार असतं. त्या दिवशी हातातलं पातेलं तसंच धरून उभी राहिले, कारण तोच विचार कितीतरी दिवस माझ्याही मनात होता.

"डॉक्टर म्हणाल्यात, आता काही आठवडेच," ताई डोळे पुसत म्हणाल्या. "तेवढे तिला जागेपणी मिळू देत गं. तू नको जाऊस आत."

मी 'बरं' म्हटलं आणि पातेलं पुन्हा विसळलं. स्वच्छ होतं ते.

---

आमची खानावळ होती. शालनकाकूंची खानावळ म्हणून इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांच्या तीन पिढ्या तिथे जेवल्या. सासरे लवकर गेले, आत्यांनी दोन पोरं आणि चार टेबलं यांच्यावर संसार ओढला. पुढे मी लग्न होऊन आले आणि डब्यांचं काम सुरू केलं. आता डबे न्यायला बिनड्रायव्हरच्या गाड्या येतात, ऑर्डर घ्यायला माणूस लागत नाही, पण भाकरी अजून हातानेच थापावी लागते. ती मला अजून धड येत नाही.

बाहेरची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक जाड तपकिरी पडदा होता. पडद्याबाहेर गिऱ्हाईक, पडद्याआत आम्ही. आत्यांचा नियम एकच. आत रडा, शिव्या द्या, पाय पसरून बसा. पण पडद्याबाहेर पाऊल टाकलं की चेहरा पुसलेला पाहिजे. जेवायला बसलेल्या माणसाच्या ताटात आपलं रडगाणं वाढायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. रणजित आणि ताईसुद्धा लहानपणापासून बाहेरच जेवले, पोरांच्या पंगतीत. त्यांनी आत येऊन लुडबुड केलेली आत्यांना चालायची नाही.

कंबर भरून आली की आत्या बाहेर हसतहसत आमटी वाढायच्या आणि पायाचे अंगठे फरशीवर गच्च रोवायच्या. चेहऱ्यावर काही नाही, सगळं अंगठ्यात. पडद्याच्या फटीतून मला ते दिसायचं. मग मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचे आणि हातातली बादली घ्यायचे. आत येऊन त्या पाटावर बसायच्या, पाठ भिंतीला टेकायच्या आणि म्हणायच्या, "आई गं, मेले." एवढंच आमचं सासू-सुनेचं संभाषण. गोडधोड बोलणं आमच्यात कधी नव्हतं.

कॅन्सर कळला तोवर तो कमरेच्या हाडांत उतरला होता. तोंडाने मॉर्फिन सुरू झालं. दुखणं वाढलं तसा डोस वाढला, आणि डोस वाढला तशा आत्या आमच्यातून जायला लागल्या. उलट्या, पोट बांधलेलं, आणि डोक्यात भ्रम. कपाटाला विचारायच्या, "भात वाढू का रं?" कपाट गप्प राहिलं की वाईट वाटून घ्यायच्या. रणजितला ते बघवेना.

तेव्हा डॉ. तांबोळींनी ही डबी सुचवली. दुखणं कमी करणं हेच त्यांचं काम. बाई हळू बोलणाऱ्या, पण काही लपवायच्या नाहीत. त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं.

"गोळी पोटात जाते, रक्तात जाते, सगळ्या अंगभर फिरते, आणि त्यातला चिमूटभर भाग कामाच्या जागी पोचतो. कामाची जागा म्हणजे पाठीचा कणा. दुखण्याचा निरोप मेंदूकडे जातो तो तिथूनच. म्हणून आम्ही एक बारीक नळी थेट कण्यातल्या पाण्यात सोडतो. तोंडाने तीनशे थेंब लागत असतील तर तिथे एक पुरतो. डोकं ताळ्यावर राहतं."

"आणि तोटे?" मी विचारलं.

"आहेत. खाज सुटते. लघवी तुंबते. पायांवर सूज येते. गुंगी येते, आणि फार झालं तर श्वास मंदावतो. तो धोका सगळ्यात मोठा, म्हणून एका हद्दीपुढे डबी औषध सोडतच नाही. जुन्या डब्या दिवसभर एकसारखी धार धरायच्या. बेताची धरली तर मध्येच कळ यायची, जास्त धरली तर माणूस झोपून राहायचा. ही नवी डबी ऐकते. नळीशेजारी एक तार आहे, ती कण्यातून जाणाऱ्या विजेच्या लहरी टिपते. श्वास, स्नायू, सगळं टिपते. दुखणं वर यायच्या आधी त्याची चाहूल घेते आणि तेवढ्यापुरतं औषध सोडते. मिनिटाभरात गुण."

"तिला कसं कळतं, हे दुखणंच आहे म्हणून?" रणजितने विचारलं.

"कळत नाही. शिकवावं लागतं. प्रत्येकाचं अंग आपापल्या भाषेत दुखतं. पहिला आठवडा शिकवणीचा. काकूंच्या मनगटावर बटण बांधू. दुखलं की त्यांनी दाबायचं. डबी बघेल, दाबायच्या आधी अंगात काय काय झालं. तेच पुढे तिचं ज्ञान."

तो आठवडा मला चांगला आठवतो. खानावळ बंद करून आम्ही बाहेरच्या खोलीतच आत्यांची खाट टाकली होती. हवेशीर, आणि भेटायला येणाऱ्यांना बरं. रणजितने रजा काढली, ताई आल्या. दोघं दिवसभर उशापायथ्याशी. मी जायचे ती दोघं जेवायला बसली की, नाहीतर सकाळी अंग पुसायला. आणि मी गेले रे गेले की आत्या बटण दाबायच्या. त्याला एक बारीक घंटा होती. टुंग. पुन्हा टुंग.

"अहो आत्या, मी काय वेटर आहे?" मी म्हणायचे.

"असू दे," त्या डोळे मिटून म्हणायच्या. "आई गं. मेले."

आठवड्याने बटण काढलं. शिकवणी संपली, डबी हुशार झाली.

---

मी पडद्याआड राहायला लागले. पेज मी करायची, ताईंनी न्यायची. कपडे मी धुवायचे, रणजितने बदलायचे. बाहेर मायलेकरांच्या गप्पा चालायच्या. ताई लहानपणीच्या गमती सांगायच्या आणि आत्या हसायच्या. ते हसणं मला चांगलं ओळखीचं होतं, खानावळीतलं.

"आज आई दिवसभर जागी होती," संध्याकाळी रणजित म्हणाला. मग माझ्याकडे बघून गप्प झाला. त्याला आनंद झाला होता, आणि मला तो सांगायची चोरी झाली होती. मी त्याच्यावर चिडले नाही. आई कुणाची, त्याची.

पण मला वाईट वाटत होतं. खरं सांगायचं तर वाईट हा शब्द फार पातळ आहे. मला त्यांना एकच विचारायचं होतं: माझा त्रास होत होता का तुम्हाला? हो म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. पण विचारायला त्या जाग्या हव्यात, आणि मी समोर गेले की त्या झोपणार. माणूस मरायच्या आत त्याच्याशी बोलायचंय आणि तेवढंच तुम्हाला करता येत नाही, हे काय आहे ते भोगल्याशिवाय कळायचं नाही.

एकदा भाकरी तव्यावर टाकून मी सवयीने पडद्याच्या फटीतून बाहेर बघितलं. गल्लीतले पवारकाका-काकू आले होते. आत्या उशीला टेकून त्यांच्या नातवाची चौकशी करत होत्या. चेहरा हसरा. पांघरूण गुडघ्यापर्यंत सरकलं होतं. आणि पायाचे दोन्ही अंगठे खाली वळून चादरीत रुतले होते. चादर ओढून ताणली गेली होती.

मी गॅस बंद करायलाही विसरले, भाकरीचा कोळसा झाला.

त्यानंतर मी दिवसभर तेवढंच बघितलं. पवारकाका गेले, ताई बसल्या, अंगठे रुतलेले. रणजितने गाणी लावली, अंगठे रुतलेले. आत्या हसत होत्या, जाग्या होत्या, आणि डबी मख्खासारखी गप्प होती. दिवस कलताना ताई आत आल्या तेव्हा मी फोनवर डॉ. तांबोळींना म्हणत होते, "तुम्ही आजच्या आज या. तुमची डबी आंधळी आहे."

---

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, मला ठेवलं. डबीचं ऐकणं तासाभरासाठी बंद करून त्यांनी नुसती बारीक धार लावली. मी खाटेशी बसले. आत्या झोपल्या नाहीत. कितीतरी दिवसांनी त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"कुठं होतीस गं?" त्या म्हणाल्या.

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

"काकू, शिकवणीच्या आठवड्यात तुम्ही बटण कधी दाबायचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुखलं की."

"रणजित समोर असताना दुखायचं नाही?"

आत्यांनी डॉक्टरांकडे असं बघितलं, जणू या बाईला लेकरंबाळं आहेत की नाहीत असा प्रश्न पडावा. "पोरांपुढं कसं दाबायचं? टुंग करून वाजतंय की ते! त्यो एवढासा चेहरा करून बसतोय, रोहिणी रडायला लागती. जेवत न्हाईत मग. म्हणून दम काढायची. ही आली की दाबायची."

"हिच्यासमोर चालायचं?"

"हिचं काय," आत्या म्हणाल्या. "ही घरातलीच हाय."

डॉक्टर उठल्या. मग मला स्वयंपाकघरात घेऊन गेल्या.

"डबी चुकलेली नाही, हर्षदा. तिला जे शिकवलं ते ती बरोबर शिकली. तुझ्या सासूबाईंच्या शरीराच्या दोन अवस्था आहेत. एक, दम धरलेली. स्नायू ताठ, श्वास वरचा. दुसरी, धीर सोडलेली. बटण नेहमी दुसरीतच दाबलं गेलं. तेव्हा डबीच्या लेखी ताठ अंग म्हणजे ठीक आहे. आणि सैल अंग म्हणजे दुखतंय, सोडा औषध."

"म्हणजे मी आले की..."

"तू आलीस की त्यांचं अंग सैल पडतं. डबीला वाटतं, कळ आली. आणि जेव्हा खरी कळ असते, मुलांसमोर, तेव्हा तिला काही दिसतच नाही."

मी खाली पाटावर बसले. मोठ्याने रडले. पडद्याआत होते, मला परवानगी होती.

"ते एवढं पुसून टाकता येईल का?" मी विचारलं.

"एवढंच नाही काढता येत. हजार गोष्टी एकमेकींत विणून ती शिकलेली असते. सगळं पुसून पुन्हा शिकवणी घ्यावी लागेल. त्या दिवसांत औषध बेताचंच, आणि काकूंनी सगळ्यांसमोर बटण दाबायचं. खरंखुरं."

---

रणजितला मी सांगितलं. अंगणातल्या नळाशी उभा राहून त्याने सगळं ऐकलं.

"माझ्यासमोर तिला दुखत नाही," तो म्हणाला, "म्हणून मी उठतच नव्हतो गं तिच्याजवळून. मला वाटायचं, मी आहे म्हणून तिला बरं वाटतंय." मग तो तिथेच खाली बसला. ताई दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या माझ्याकडे बघू शकत नव्हत्या आणि मलाही त्यांच्याकडे बघवत नव्हतं. मायेने रात्रंदिवस बसलेल्या दोन लेकरांना, तुमच्यामुळे ती सोसत होती, हे कुठल्या तोंडाने सांगायचं असतं? पण मी सांगितलं होतं.

दुसरी शिकवणी सुरू झाली. बटण पुन्हा मनगटावर आलं. रणजित समोर बसला, हात जोडल्यासारखे धरून.

"आई, दुखतंय ना? दाब."

"न्हाई रं. बरं हाय." अंगठे रुतलेले.

"आई, मला कळलंय सगळं. मी नाही रडत. दाब तू."

"तू जेवलास का?"

"जेवलो."

"काय केलं हुतं हर्षदानं?"

कपाळावर घाम, ओठ पांढरे पडलेले, आणि ही बाई लेकाला भाजी कुठली होती ते विचारतेय. रणजितने शेवटी स्वतःच त्यांच्या दुसऱ्या हाताचा अंगठा धरून बटणावर दाबला. टुंग वाजलं. आत्यांनी हात झटक्यात मागे घेतला आणि तोंड भिंतीकडे केलं. आपल्याला उघडं पाडलं, अशी लाज त्यांच्या मानेवर दिसत होती. रणजित उठून बाहेर गेला तो बराच वेळ आलाच नाही.

त्यांना जमत नव्हतं. आयुष्यभर पडद्याबाहेर हसलेल्या बाईला मरताना कण्हायला शिकवायचं, तेही पोरांसमोर, हे यंत्राला शिकवण्याइतकं सोपं नव्हतं. त्यातच सूज मांड्यांपर्यंत चढली, श्वास आपणहून मंद व्हायला लागला. डॉ. तांबोळींनी शिकवणी थांबवली. त्यांनी जुनं ज्ञान साठवून ठेवलं होतं, ते परत डबीत भरलं.

"आता वेळ नाही," त्या आम्हा तिघांना म्हणाल्या. "दुखणं पुरतं दाबेल एवढी एकसारखी धार मी या श्वासावर लावू शकत नाही. डबी मोजून, हद्दीत राहून देते, तेच त्यांना झेपतंय. म्हणजे हर्षदा जवळ बसली तर दुखणार नाही, पण त्या झोपतील. तुम्ही दोघं बसलात तर जाग्या राहतील." पुढचं त्यांनी बोलून दाखवलं नाही.

---

मला एकदाच बोलायचं होतं. हा स्वार्थ आहे हे मला कळत होतं, तरी बोलायचंच होतं.

मी लग्नाकार्यात नेसायची जांभळी साडी काढली. पर्स घेतली. बिस्किटांचा पुडा आणि शहाळं घेतलं, आजारी माणसाला भेटायला जाताना नेतात तसं. मागच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून, पुढच्या दाराची घंटा वाजवली. ताईंनी दार उघडलं आणि बघतच राहिल्या. मी खाटेजवळ गेले नाही. भिंतीकडेच्या प्लास्टिकच्या खुर्चीत टेकले, कडेवर, पर्स मांडीवर धरून.

"काय म्हणतेय तब्येत, शालनकाकू?"

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. हात उचलला, पण नाकाकडे जाण्याआधी थांबला. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं, गिऱ्हाईक ओळखल्यासारखं. त्यांनी खांदे सावरले, हनुवटी वर केली, पदर नीट केला.

"या, बसा," त्या म्हणाल्या. "उन्हाचं आलासा. च्या घेणार का?"

"नको, आत्ताच झाला. कसं चाललंय?"

"चाललंय आपलं. तुमच्याकडं समदी बरी हायत का?"

"बरी आहेत." मी पर्सचा बंद घट्ट धरला. मी सैल पडले तर त्याही पडतील, अशी भीती वाटत होती. रणजित आणि ताई दारात खिळल्यासारखे उभे. पांघरुणाखाली आत्यांची पावलं ताणलेली दिसत होती. जागं राहायची किंमत त्या मोजत होत्या, आणि ती माझ्यासाठी होती. म्हणून मी आढेवेढे घेतले नाहीत.

"काकू, एक विचारू? लोक म्हणतात, तुमच्या सुनेचा तुम्हाला फार त्रास आहे."

"सुनेचं व्हय?" आत्या जरा थांबल्या. "काय सांगू तुम्हाला. भाकरी थापली की कड फाटलीच म्हणून समजा. आणि त्वांड म्हणजे असलं फटकळ! पयल्या वर्षी मला वाटलं, ही काय टिकत न्हाई."

"मग?"

"टिकली की." त्यांनी दम घेतला. वाक्यावाक्याला आता दम लागत होता. "पाव्हणं, लेकरं माझी गुणाची हायत. आईसाठी जीव टाकत्यात. पर त्यांच्यापुढं मला ताठ बसाय लागतंय. ही आली की मी पाठ टेकते. एवढंच हाय बघा. ह्या मशिनला वाटतंय, पाठ टेकली म्हंजी दुखतंय. त्याला काय कळतंय? पाठ टेकायला बी माणूस लागतंय."

ताईंनी तोंडावर पदर धरला होता. मला धावत जाऊन त्यांच्या कुशीत शिरावंसं वाटत होतं, आणि मी पाहुणी होते म्हणून खुर्चीत बसून राहिले.

"त्रास कसला," आत्या म्हणाल्या. "न्हाई त्रास."

मग बराच वेळ त्या नुसत्या श्वास घेत राहिल्या. ओठ घट्ट मिटलेले. शेवटी माझ्याकडे बघितलं, पाहुण्याकडे बघावं तसं, अदबीनं.

"राग मानू नका, पाव्हणं. पर आता उठा तुम्ही. माझ्या सुनेला आत लावून द्या. लई दुखतंय मला."

त्या हे रणजितसमोर म्हणाल्या, ताईंसमोर म्हणाल्या. पहिल्यांदाच.

मी उठले. नमस्कार केला आणि पुढच्या दाराने बाहेर पडले. पायरीवर ताईंनी मला गाठलं, माझ्या हातातली पर्स काढून घेतली.

"जा हर्षदा," त्या म्हणाल्या. "मागच्या दाराने जा. आम्ही थांबतो इथे बाहेर. बोलावल्याशिवाय नाही येणार."

त्यांनी काय सोडलं ते मला कळत होतं. आईच्या जागेपणाचे उरलेसुरले तास त्यांनी आणि रणजितने त्या पायरीवर बसून सोडून दिले.

मी मागून आले, स्वयंपाकघरातला गाऊन चढवला, पडदा सारून बाहेर गेले. आत्यांनी मान वळवली.

"आलीस?"

"आले, आत्या."

"आई गं," त्या म्हणाल्या. "मेले."

मी खाटेवर चढून बसले, त्यांची सुजलेली पावलं मांडीवर घेतली. त्यांचे खांदे खाली आले. हात उचलला, पण तो छातीपर्यंतच आला आणि तिथेच राहिला. मी पुढे वाकून त्यांचं नाक हळूच खाजवलं. त्यांनी डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी रणजित आणि ताईंनी खाट उचलून पडद्याच्या आत आणली, ओट्याशेजारी. पुढचे सगळे दिवस मी त्यांच्याजवळ होते आणि एकदाही त्यांच्याशी बोलता आलं नाही. जाग आली की त्या मला बघायच्या आणि परत झोपेत जायच्या. मी भाकऱ्या थापत होते. कडा फाटत होत्या. खाणारं कुणी नव्हतं, पण थापायचा आवाज त्यांच्या कानावर असावा असं मला वाटत होतं.

त्या गेल्या तेव्हा पीठ माझ्या हातालाच होतं. श्वास थांबल्याचं लक्षात आलं, तशी मी आधी पायाकडचं पांघरूण बाजूला करून बघितलं. दोन्ही अंगठे सैल होते. मग मी रणजितला हाक मारली.